तळहाताच्या रेषा दिसू नयेत इतका अंधार

“हे डोळे आलेले नाहीत,” डॉक्टर म्हणाले, “आणि डोळ्यात कापसाची तूसही गेलेली नाही. हा आयरायटिस आहे.”

शब्द मला कळला नाही. पण ज्या आवाजात ते बोलले तो आवाज कळला. आमचे हे बाकावर मान खाली घालून बसले होते, डोळ्यांवर माझ्या जुन्या लुगड्याचा ओला तुकडा. दवाखान्याचा व्हरांडा माणसांनी गच्च भरला होता. कुणाचं पाऊल बंडीच्या चाकाखाली आलेलं, कुणाचं बोट सरकी काढायच्या चरकीत सापडलेलं. त्या वर्षी अमरावतीत जो तो कापसाने जखमी होऊन येत होता. आम्हीही आपले त्यातलेच, असं मी तोवर धरून चालले होते.

डॉक्टर कोकणातले, वयाने लहान. कॅम्पाकडच्या सरकारी दवाखान्यात साहेबाच्या हाताखाली होते. त्यांनी मला बोटाने दाखवून समजावलं. डोळ्यात मधोमध जे काळं दिसतं ते भोक आहे. उजेड तिथून आत जातो. भोकाभोवती रंगीत पडदा असतो, त्याला आयरिस म्हणतात. तो पडदा सुजला की आयरायटिस. सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, भोक आवळत जातं, आणि एकदा का ते चिकटून बंद झालं की माणूस आंधळा.

“दोन्ही डोळे?” मी विचारलं.

“उजवा जास्त बिघडलाय. डावा त्याच वाटेवर आहे. वेळ गेलाय, पण सगळा गेलेला नाही.”

हे आज लिहायला बसले ते एवढ्यासाठीच, की ज्यांच्या घरात असं लाल डोळ्यांचं दुखणं येईल त्यांनी आमच्यासारखा वेळ घालवू नये. डोळे आले की चिपडं धरतात, खाज सुटते, आणि चार दिवसांत माणूस बरा होतो. ह्या दुखण्यात चिपडं नव्हती. पाणी वाहायचं, भुवईच्या आत ठणका लागायचा, आणि उजेड बघवत नव्हता. आम्ही गुलाबपाणी घातलं, तुरटीचं पाणी घातलं, शेजारणीने सांगितलं म्हणून गाईचं तूप लावलं. ह्या सगळ्यात फाल्गुन निघून गेला.

आमचे हे कापसाचे पारखी. एका सेठकडे कामाला होते. गंजीत हात घालून मूठभर कापूस ओढायचा, उन्हाकडे पाठ करून बघायचा, आणि सांगायचं की हा कोणत्या शिवारातला, पाऊस लागलेला की कोरडा, पांढरा की पिवळट. आपल्याला सगळा पांढराच दिसतो. त्यांना त्यात चार-पाच पांढरे दिसायचे. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती म्हणे, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला होता की लोक परसातली वांगी उपटून कापूस लावत होते. अशा वर्षी पारख्याचे डोळे जावेत म्हणजे काय, ते मी वेगळं सांगत नाही. पण खरं सांगायचं तर मला सेठच्या गंजीची फिकीर नव्हती. ह्यांनी एकदा लहानपणची गोष्ट सांगितली होती, की त्यांचे आजोबा शेवटची वर्षं आंधळे होते आणि दिवसभर ओट्यावर बसून नुसतं “कोण आलं?” विचारायचे.  मला तेच डोळ्यांपुढे येत होतं.

डॉक्टरांनी कानशिलाला जळवा लावल्या. मग एक औषध दिलं, ॲट्रोपीन. पिसाच्या काडीने एकेक थेंब डोळ्यात सोडायचा, दिवसातून तीनदा. ह्या औषधाने ते काळं भोक मोठं होतं, पडदा कडेला ओढला जातो, आणि मग चिकटत नाही. तोंडाला कोरड पडते, घशात कडू लागतं, जवळचं धूसर दिसतं. घाबरू नये, औषध लागू पडल्याची ती खूण आहे.

“पण भोक मोठं झालं की उजेड जास्त आत शिरतो,” डॉक्टर म्हणाले. “दार सताड उघडं ठेवलंय असं समजा. म्हणून बाहेर अंधार हवा. अंधाऱ्या खोलीत ठेवा. आठवड्याने आणा.”

मी मान हलवली. सावली-अंधाराची गोष्ट मला कुणी शिकवावी असं मला वाटत नव्हतं.

त्याचं कारण असं, की मी बाऱ्याची, पानवेल लावणाऱ्याची लेक. बार्शीटाकळीजवळ आमचा पानमळा होता. नागवेलीला ऊन लागलं तर पान करपतं आणि उजेड कमी पडला तर पान पातळ, फिकट, चव नसलेलं निघतं. म्हणून शेवरीची झाडं लावून त्यांच्या सावलीत वेली चढवायच्या. सावली किती, ते बाप हात पुढे धरून ठरवायचा. तळहातावर उन्हाचे बारीक ठिपके पडले पाहिजेत, पण अख्खा तळहात कुठेच उजळता कामा नये. असं झालं की सावली बरोबर. मी चालायला लागल्यापासून हे बघत आले होते. बाप गेला, आणि त्या वर्षी भावाने शेवरी तोडून मळ्यात कापूस पेरला. मी माहेरी गेले तेव्हा आमच्या मळ्याच्या जागी उघडं ऊन पडलेलं होतं. मी भावाशी बोलले नाही. एका कोपऱ्यात उरलेल्या वेलीचं एक बेणं ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि बंडीत बसले.

तीच वेल अमरावतीला आमच्या आतल्या खोलीत, फुटक्या डेऱ्यात, शेवरीच्या काठीवर चढली होती. खोलीला मागच्या बाजूला एक लहान खिडकी. उत्तरेचा उजेड यायचा, ऊन कधीच नाही. खिडकीला मी झापडी बांधली होती, ती खालीवर करून उजेड बेताचा ठेवायचा. घरात वेल जगवणं मळ्यापेक्षा अवघड असतं. मळ्यात चारही बाजूंनी थोडा थोडा उजेड येतो, घरात एकाच बाजूने येतो, म्हणून डेरा रोज थोडा फिरवावा लागतो. नाहीतर वेल खिडकीकडे मान ताणून बसते आणि पाठीमागची पानं गळतात. सासूबाई म्हणायच्या, “लेकरू अस्तं तरी इतकं फिरवलं नस्तं तू.”

ह्यांना मी त्याच खोलीत ठेवलं. घरातली सगळ्यात थंड आणि अंधारी खोली तीच. झापडी अर्ध्याहून खाली ओढली, दाराला घोंगडी लावली, आणि ह्यांच्या उशाशी उभी राहून तळहात पुढे धरला. बापाने धरला असता तसा. उजेड नुसता सांडल्यासारखा होता, हात कुठेच उजळत नव्हता. मला समाधान वाटलं. पानमळ्याइतकी सावली म्हणजे अंधारच की. ह्यांनाही बरं वाटल्यासारखं झालं. बाहेरून येणाऱ्याला खोलीत शिरताच दिसेनासं व्हायचं. मग अंधार नाही तर काय?

आठवडाभर मी थेंब घातले, पाणी पाजलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. ठणका कमी होईना. उलट एका सकाळी ह्यांनी उशीत तोंड खुपसलं आणि दुपारपर्यंत वर काढलं नाही. मला वाटलं, आता उतार पडायच्या आधी दुखणं जोर करत असेल.

आठवड्याने डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. औषध वेळेवर घालता का, म्हणाले. घालतो. जळवांची जागा धुता का. धुतो. मग म्हणाले, खोली अंधारी आहे ना?

“एकदम बरोबर हाय जी,” मी म्हटलं. “येलीले दोन नवे पानं फुटले.”

“कुठल्या वेलीला?”

“त्याच खोलीतल्या. पानाच्या.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. मग शांतपणे म्हणाले, “बाई, जिथे झाड वाढतं तिथे अंधार नसतो.”

 इतकी साधी गोष्ट. वेल उजेडावर जगते, माझ्या बापाची सगळी अक्कल उजेड मोजण्यात होती, आणि मी तेच माप उचलून ह्यांच्या दुखण्याला लावलं होतं. वेलीला हवा तेवढा उजेड मी ह्यांच्या ताणून उघडलेल्या डोळ्यांत आठवडाभर ओतत होते. बाऱ्याच्या घरातलं दुसरं कुणीही हेच करून बसलं असतं. आम्हाला सावली म्हटली की पोटात थंड वाटतं, आणि सावलीच्या पुढे काही असतं हे ध्यानातच येत नाही.

“किती अंधार पायजे, मापानं सांगा,” मी म्हटलं.

डॉक्टरांना हसू आलं असावं, पण त्यांनी माप दिलं. “स्वतःचा तळहात डोळ्यांसमोर धरा. हात आहे एवढं कळलं तर चालेल. हातावरच्या रेषा दिसता कामा नयेत.”

घरी आल्याबरोबर मी डेरा उचलायला घेतला. ह्यांनी आवाजावरून ओळखलं.

“येल कुठं नेऊन राहिली?”

“बाहीर.”

“बाहीर चैताचं ऊन हाय. मरन ना ते. माह्यापायी तुह्या बापाची येल नको मारू.”

“येल पुन्हा लावता येते,” मी म्हटलं.

ते खोटं होतं. पानाच्या वेली खूप आहेत, पण त्या मळ्यातली ती एकच उरली होती, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माजघरात चुलीची धग आणि ओसरीवर दिवसभर ऊन, म्हणून मी डेरा मागे न्हाणीच्या भिंतीशी नेला, वर ओलं गोणपाट बांधलं, दिवसातून चारदा पाणी शिंपलं. झळा लागायच्या त्या लागल्याच. आधी पानांच्या कडा वाळल्या, मग पानं, मग देठ. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत काठीवर नुसती दोरी उरली. मी डेऱ्यातली माती परसात ओतली आणि डेरा पालथा घातला. मला फार वाईट वाटलं. बाप गेल्यावर रडले नव्हते ते त्या दिवशी रडले. मग तोंड धुतलं, कारण थेंबांची वेळ झाली होती.

खिडकीला आतून दुहेरी गोणपाट ठोकलं, कडा शेणमातीने लिंपल्या. दाराला दोन घोंगड्या, त्यांच्यामध्ये हातभर जागा, म्हणजे एक उचलून आत शिरायचं, ती पडू द्यायची आणि मगच दुसरी उचलायची. आत गेल्यावर मी तळहात धरायची. हात दिसे, रेषा दिसत नव्हत्या. थेंब मोजता येईनात, म्हणून ते दोन घोंगड्यांच्या मधल्या जागेत काडीवर घ्यायचे आणि आत जाऊन गालाला हात लावून चाचपत डोळ्यात सोडायचे.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, ह्या अंधाराची दया येते. माणूस जिवंत असून कोंडल्यासारखा वाटतो. येणारा-जाणारा म्हणतो, जरा घोंगडी सरकवा, वारा तरी येऊ द्या, बिचाऱ्याचा जीव घाबरा होईल. ऐकू नये. कानांत बोळे घालावेत. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी घेतलं. दारात बाज टाकून त्या दिवसभर बसायच्या, मांडीवर काठी.

दुपारी मी सेठच्या वखारीच्या अंगणात कापसातला पालापाचोळा निवडायला जाऊ लागले. घर चालायला हवं होतं आणि ह्यांची जागा सेठच्या ध्यानात राहायला हवी होती. उघड्या अंगणात चैत्र-वैशाखाचं ऊन अंगावर घेत आम्ही बायका बसायचो. डोक्यावर पदर, बाकी सावली नाही. सगळा दिवस मी उजेडात आणि हे अंधारात. संध्याकाळी खोलीत शिरले की मलाच आंधळ्यासारखं व्हायचं, आणि हे माझ्या पावलांवरून ओळखून म्हणायचे, “आली का व?” मला त्यांच्या आजोबांची आठवण व्हायची. मी मोठ्याने “हो” म्हणायची.

वैशाखात ठणका थांबला. डॉक्टर म्हणाले, पडदा सुटतोय, डाव्या डोळ्यातलं भोक गोल झालंय, उजव्यातलं एका बाजूला चिकटलेलं आहे. आणखी थोडे दिवस अंधार.

नेमका तेव्हाच सेठचा मुनीम आला. धोतराच्या सोग्यात कापसाचे नमुने. मोठा सौदा होता, दुसरा पारखी भरवशाचा नव्हता. मी तेव्हा वखारीत होते; काय झालं ते मला नंतर सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी मुनिमाला आत सोडलं, कारण तो म्हणाला नुसता हात लावून बघू द्या. ह्यांनी अंधारात कापूस बोटांनी ओढला, धागा किती लांब निघतो, सरकी ओली की सुकी, ते भराभर सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर आला होता म्हणे. मग मुनीम म्हणाला, रंग? आणि ह्यांनी दारापर्यंत चाचपत येऊन आतल्या घोंगडीला हात घातला. एक नजर, आई, फक्त एक नजर.

सासूबाईंनी बाहेरची घोंगडी दोन्ही हातांनी चौकटीला दाबून धरली आणि मुनिमाला म्हणाल्या, “रंग पायाचा तं तुमचे डोळे हायेत ना? ते वापरा. माह्या पोराचे उसने भेटत नाई.”

मुनीम गेला. मी घरी आले तेव्हा ह्यांचा राग धुमसत होता. “तुमी दोघींनी मिळून मले गाडलं,” म्हणाले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी थेंब घालत राहिले. न बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यातही थेंब घालता येतात.

पुढचा अवघड भाग मात्र कुणीच सांगितला नव्हता. ज्येष्ठात डॉक्टर म्हणाले, सूज गेली, आता उजेड द्यायला लागा. मला वाटलं, सुटलो. मी गोणपाटाचा एक थर काढला तर हे ओरडून भिंतीकडे वळले. बंद कर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी खिडकीला हात लावायच्या आधीच त्यांनी डोक्यावर पांघरूण घेतलं. उजेडासाठी भांडणारा माणूस आता उजेडाला भीत होता. मला वाटलं दुखणं उलटलं. धावत डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी तपासून सांगितलं, “डोळा बरा आहे. अंधार आता औषध राहिलेला नाही, सवय झालीय. पण एकदम नको. हळूहळू वाढवा.”

हळूहळू म्हणजे किती, हे मी ह्या वेळी विचारलं नाही. उजेड हळूहळू वाढवणं मला येत होतं. पावसाळा लागला की बाप मळ्यातली सावली विरळ करायचा. एका दिवशी एकच फांदी, तीही दिवस कलल्यावर. वेलीला कळू द्यायचं नाही असं म्हणायचा. मी गोणपाटाचा एक थर पुन्हा ठोकला आणि त्यातले धागे काढू लागले. रोज तिसऱ्या प्रहरी, ऊन कललं की उभे दोन-चार धागे ओढायचे. ह्यांना सांगायचं नाही. हाताच्या रेषा एका दिवशी पुसट दिसल्या. मग स्पष्ट. मी तळहात पाहायची आणि गप्प बसायची. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चाललंय ते चालू द्या, फक्त डोळा लाल झाला तर एक दिवस थांबा. दोनदा थांबावं लागलं.

एक दिवस हे म्हणाले, “भिंतीले पोपडे आले वाट्टे.” मी तशीच उठले. बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या काठी टाकून देवापुढे जाऊन बसल्या.

आषाढात आभाळ भरून आलं, उजेड मऊ झाला. डॉक्टरांनी डोळ्यांवर हिरव्या कापडाची झापडी दिली होती. ती लावून हे आधी माजघरात, मग ओसरीवर बसू लागले. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डावा डोळा पूर्ण बरा. उजव्याला आयुष्यभर धुरातून पाहिल्यासारखं दिसेल. दुखणं पुन्हा उलटू शकतं, ठणका लागला तर त्याच दिवशी या, तूप-तुरटी करत बसू नका. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले. “अंधार मी सांगितला,” म्हणाले, “केला तुम्ही.” त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. मला मूर्ख म्हणायचा त्यांना हक्क होता, आणि त्यांनी मला माप दिलं.

हे आता एका डोळ्याने पारख करतात, आणि सेठला अजून फरक कळलेला नाही. मी काय शिकले म्हणाल तर एवढंच, की आपल्याला जे चांगलं येतं तेच घेऊन आजाऱ्याच्या उशाशी बसू नये. आधी विचारावं, की ह्याला काय हवं. आणि एकदा कळलं की मग जे जाईल ते जाऊ द्यावं.

दवाखान्यातून परत आलो त्या दुपारची गोष्ट सांगून थांबते. घरी येऊन ह्यांनी झापडी काढली. फाल्गुनापासून पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी ते अंगणात उभे होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आले. तांब्या न घेता ते माझ्याकडे बघत राहिले, चार-पाच पांढरे ओळखणारी ती नजर.

“दिसते का?” मी विचारलं.

“दिसते,” ते म्हणाले. “लय काळी पडली व तू.”

मी तांब्या खाली ठेवला आणि रडू लागले. सासूबाई घाबऱ्या होऊन बाहेर आल्या, “काहून रडून राहिली?” म्हणून विचारू लागल्या.  जन्मात कुणी मला गोरी म्हटलं असतं तरी इतका आनंद झाला नसता.